मुलीसारखी म्हणजे मुलगी नव्हे

बिमल रॉय हे हिंदी सिनेमातले सज्जन गृहस्थ होते, याबद्दल कुणाचं दुमत नाही. माझंही नाही. माझं भांडण आहे ते या सज्जनपणाशीच. दुर्जनाशी कसं भांडायचं ते आपल्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. काठीला काठी, शिवीला शिवी. पण जो डोळ्यांत पाणी आणून आपल्याकडं बघतो त्याचं काय करायचं? त्याच्या पाण्यानं आपण विरघळायचं, की त्याला थांबवून विचारायचं, बाबा रे, तू नक्की रडतोस कुणासाठी?

२०२५ साली 'दो बिघा जमीन'ची डागडुजी केलेली प्रत व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली. बिमल रॉय यांचं नाव निघालं की तीन शब्द हमखास ताटात वाढले जातात : मानवतावाद, वास्तववाद, करुणा. शब्द गोड आहेत. पण ताटात काय वाढलंय ते बघितल्याशिवाय जेवायचं नाही, हे चळवळीनं आपल्याला शिकवलंय. म्हणून दोस्तहो, हा लेख.

आधी माणूस समजून घेऊ. जन्म १२ जुलै १९०९, ढाका जिल्ह्यातल्या सुआपूरचा. तो मुलूख आज बांगलादेशात आहे. घराणं जमीनदाराचं. वडील वारले, इस्टेट हातची गेली आणि कुटुंब कलकत्त्याला आलं. तिथं न्यू थिएटर्समध्ये हा तरुण कॅमेऱ्याला लागला. १९३५ सालच्या बरुआंच्या 'देवदास'चं छायाचित्रण त्यांचं. १९४४ ला 'उदयेर पथे' या बंगाली चित्रपटानं दिग्दर्शक म्हणून नाव झालं. मालक आणि मजूर यांच्यातल्या झगड्याची ती गोष्ट दुसऱ्या वर्षी हिंदीत 'हमराही' म्हणून आली. फाळणीनंतर बंगाली सिनेमाचा धंदा बसला, तेव्हा त्यांनी मुंबईची वाट धरली. हृषीकेश मुखर्जी, नबेंदू घोष, असित सेन ही माणसं त्यांच्या गोतावळ्यातली. १९५२ ला बॉम्बे टॉकीजसाठी 'माँ' केला, १९५३ ला स्वतःच्या संस्थेतर्फे 'दो बिघा जमीन'. मग 'परिणीता', 'बिराज बहू', 'देवदास', 'मधुमती', 'सुजाता', 'परख', 'बंदिनी'. दिग्दर्शनाचं फिल्मफेअर सात वेळा. जानेवारी १९६६ मध्ये मुंबईतच कॅन्सरनं गेले. वय छप्पन. एवढी कुंडली पुरे. आपल्याला कुंडलीपेक्षा कामाशी कर्तव्य.

'दो बिघा जमीन'पासून सुरुवात करू. शंभू महातोची दोन बिघे जमीन आहे. जमीनदाराला तिथं गिरणी उभी करायचीय. शंभूच्या हिशोबानं कर्ज पासष्ट रुपयांचं, जमीनदाराच्या कागदावर दोनशे पस्तीस. शंभूला अक्षर येत नाही, कागदाला दया येत नाही. शंभू कलकत्त्याला जाऊन हातरिक्षा ओढतो, पोरगा बुटांना पॉलिश करतो. एक गिऱ्हाईक पुढच्या रिक्षातल्या बाईला गाठायला सांगतं. जोरात पळ, जास्त पैसे देतो. शंभू जनावरासारखा पळतो. तिकडं त्यांचा लाडिक खेळ चाललाय, इकडं याच्या छातीचा भाता फुटायची वेळ आलीय. चाक निखळतं आणि शंभू रस्त्यावर आपटतो. बलराज साहनींनी ही भूमिका करण्याआधी कलकत्त्याच्या रस्त्यावर रिक्षा ओढायचा सराव केला होता. ते दिसतं. पायात दिसतं, पाठीत दिसतं. हिंदी सिनेमात तोवर कष्ट म्हणजे कपाळावर शिंपडलेलं पाणी. इथं घाम आहे. शेवटी जमिनीवर गिरणी उभी राहतेय, शंभू मूठभर माती उचलतो, आणि पहारेकरी तीही टाकायला लावतो. १९५४ साली कान महोत्सवात या चित्रपटाला आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मिळायलाच हवं होतं. माझी काही तक्रार नाही.

माझा सवाल वेगळा आहे. ज्याचे दोन बिघे गेले त्याच्यासाठी हिंदी सिनेमा रडला. ज्याला दोन बिघे कधी नव्हतेच, त्याचं काय? शंभूच्या मुठीत निदान माती होती, म्हणून ती काढून घेता आली. आमच्या आज्ज्याच्या मुठीत काय होतं? हाडकी-हाडोळ्याचं वतन. तेही गावाची चोवीस तास वेठ करण्याच्या बदल्यात. गड्यांनो, आपल्याकडं जमीन जाण्याची शोकांतिका नाही. आपल्याकडं जमीन नसण्याची शोकांतिका आहे, आणि नसण्याची गोष्ट पडद्यावर दाखवायला फार अवघड असते. जाणारी वस्तू कॅमेऱ्यात येते. मुळात नसलेली वस्तू कशी दाखवणार? ती दाखवायला नसलेपण जगलेला माणूस लागतो.

आता 'सुजाता'. आपला खरा हिशोब इथं आहे. १९५९ चा हा चित्रपट अस्पृश्यतेवर आहे, आणि हिंदीत या विषयावरचा सगळ्यात गाजलेला आहे. कथा सुबोध घोषांची. इंजिनिअर उपेन चौधुरी यांच्या हाताखालचा मजूर आणि त्याची बायको पटकीनं मरतात. मागं उरते तान्ही पोर. मजूर तिला साहेबाच्या बंगल्यावर आणून सोडतात. साहेबाला दया येते. बाईला, म्हणजे चारूला, माया येते आणि विटाळाची भीतीही वाटते. पोरीला कुठंतरी पाठवून द्यायचे प्रयत्न होतात, ते फसतात, आणि पोर तिथंच वाढते. चौधुरींची स्वतःची मुलगी रमा. रमा कॉलेजात जाते, नाचते, बॅडमिंटन खेळते. सुजाता घर बघते, झाडांना पाणी घालते. आणि चारू पाहुण्यांना ओळख करून देते, ही आमच्या मुलीसारखी.

या 'सारखी'वर सगळा सिनेमा उभा आहे. आणि हा शब्द बिमल रॉय यांनी अचूक पकडला, याचं श्रेय त्यांना रोख द्यायला मी तयार आहे. माझी आई वीस वर्षं एका घरी धुणीभांडी करायची. त्या घरच्या बाई सगळ्यांना सांगायच्या, ही आम्हाला घरच्यासारखी. आईचा कप बाल्कनीतल्या फळीवर असायचा, कान तुटलेला. दिवाळीला साडी मिळायची, आजारपणात औषधाला पैसे मिळायचे, आणि कप फळीवरच राहायचा. बाई वाईट नव्हत्या. हेच तर दुखणं. वाईट असत्या तर आईनं दुसरं घर धरलं असतं. 'घरच्यासारखी' या शब्दातली 'सारखी' म्हणजे उंबरठा आहे. तिच्या अलीकडं घर, पलीकडं तुम्ही. आणि तो उंबरठा इतक्या प्रेमानं बांधलेला असतो की ठेच लागली तरी माणूस आपल्याच पायाला दोष देतो.

'सुजाता'मध्ये एक पंडित आहे. अस्पृश्याच्या अंगातून विषारी वायू निघतो, असं तो शास्त्र सांगतो. तो सोपा आहे. त्याला हसता येतं, थिएटरात लोक हसतातही. चारूला हसता येत नाही. ती पोरीवर जीव लावते आणि तिच्यापासून अंग चोरते. चारूचं काम सुलोचनाबाईंनी केलंय. नूतन, शशिकला, सुलोचनाबाई आणि सनातनी म्हातारी झालेल्या ललिता पवार, चौघीही मराठी घरातल्या. ज्या सुलोचनाबाईंना मराठी माणसानं पडद्यावरची आई म्हणून डोक्यावर घेतलं, त्याच आईच्या तोंडून 'मुलीसारखी' ऐकताना ते जास्त टोचतं. जात चालवायला खलनायक लागत नाही. देवभोळी, प्रेमळ, हळद-कुंकू करणारी बाई पुरते. हे १९५९ मध्ये मोठ्या पडद्यावर सांगितलं गेलं, ही साधी गोष्ट नाही. आपल्या सभांमधून आपण मनूला शिव्या घालतो. मनू मेला. चारू जिवंत आहे, आणि ती आपल्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहते.

इथवर मी बिमल रॉय यांच्याबरोबर आहे. इथून पुढं आमची वाट फुटते.

पहिला मुद्दा. सुजाताला आई नाही, बाप नाही, आजी नाही, मामा नाही, वस्ती नाही. पहिल्याच रिळात पटकी येते आणि तिचं गणगोत साफ करते. दलित मुलीला नायिका करण्याआधी तिच्या सगळ्या दलितांना मारून टाकावं लागलं! कथेची सोय म्हणून ठीक आहे, पण ही सोय कुणाची? वस्ती असती तर वस्ती प्रश्न विचारते. मामा असता तर दारात येऊन म्हणाला असता, पोरीला शाळेत का नाही घातली? एकटी सुजाता काही विचारू शकत नाही. ती फक्त सोसू शकते आणि सुंदर दिसू शकते. सवर्ण मनाला दलित माणूस एकेकटा आवडतो. एकेकट्यावर दया करता येते. समूह आला की दयेची जागा भीती घेते. बाबासाहेबांनी संघटित व्हायला सांगितलं ते उगाच नाही.

दुसरा मुद्दा, रक्त. शेवटाकडं चारू जिन्यावरून पडते. रक्त द्यायचं तर घरात कुणाचंच जुळत नाही. जुळतं सुजाताचं. सुजाता रक्त देते, चारू वाचते, चारूचे डोळे उघडतात, 'सारखी' गळून पडते आणि मुलगी उरते. थिएटरात रुमाल निघतात. मी मात्र विचारतो, रक्त जुळलं नसतं तर? सुजाताचा गट वेगळा निघाला असता तर तिला मुलगी म्हणवून घ्यायचा हक्क नव्हता? माणूस ठरायला आम्ही आधी बाटली भरून द्यायची, ही कुठली परीक्षा? रमानं काय दिलं होतं? रमा जन्मली एवढंच रमाचं कर्तृत्व. सवर्णाच्या पोराला नुसतं जन्मल्यावर जे मिळतं, ते आम्हाला मरायला टेकल्यावर मिळणार, तेही त्यांचा जीव वाचवला तर. याला प्रेम म्हणा, करुणा म्हणा. हक्क म्हणू नका.

आणि हे विज्ञान तरी चाललं का? दरवर्षी १४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपल्या वस्त्यांत रक्तदान शिबिरं होतात. पोरं रांगा लावतात. बाटलीवर गट लिहितात, जात लिहीत नाहीत. ते रक्त कुणाकुणाच्या अंगात गेलं असेल याचा हिशोब नाही. रक्त चालतं, सोयरीक चालत नाही. सोनई २०१३. खर्डा २०१४. कारण एकच, आपल्या पोरानं वरच्या जातीच्या पोरीवर प्रेम केलं असा नुसता संशय. 'सुजाता'नं ज्या रक्तावर जात मिटवली, तेच रक्त चौपन्न-पंचावन्न वर्षांनी आमच्या गावांत रस्त्यावर होतं.

तिसरा मुद्दा याच्याच पोटातला. 'सुजाता'त मुलगी आमची आणि मुलगा त्यांचा. सुनील दत्तचा अधीर ब्राह्मण. १९३६ सालच्या बॉम्बे टॉकीजच्या 'अछूत कन्या'तही तेच, मुलगी अस्पृश्य, मुलगा ब्राह्मण. 'अछूत कन्या' रुळांवर मरते, 'सुजाता' रक्त देऊन जगते, तेवीस वर्षांत एवढी प्रगती. पण दिशा तीच. वरून हात खाली येतो आणि एका मुलीला उचलून घेतो. उचलणाऱ्याचं कौतुक. आता हेच उलटं करून बघा. मुलगा आमचा, मुलगी त्यांची. हिंदी सिनेमातल्या त्या मोठ्या पिढीच्या हातून ही गोष्ट निघाली नाही. ती निघायला २०१३ चा 'फँड्री' आणि २०१६ चा 'सैराट' यावा लागला, नागराज मंजुळे यावा लागला. आणि 'सैराट'च्या शेवटी कुणाच्या डोळ्यांत पश्चात्तापाचं पाणी येत नाही.

चौथा मुद्दा सगळ्यात मोठा, तो १९५९ या सालाचा. सुजाता जिवाला कंटाळून रात्री भर पावसात घाटावर जाते. तिथं गांधींचं स्मारक आहे. त्यापाशी ती थांबते आणि मरणाचा विचार सोडून परत फिरते. चित्रपटात गांधी आहेत. टागोर आहेत, कारण त्यात 'चंडालिका' नाटिका होते. टागोरांच्या मागून बुद्धही येतो, चंडालाच्या मुलीच्या हातचं पाणी पिणारा आनंद भिक्खू येतो. फक्त बाबासाहेब येत नाहीत.

आता तारखा बघा. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. लाखो माणसं हिंदू धर्माला लाथ मारून बौद्ध झाली. जगात असं क्वचित घडलंय. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि ही मुंबई अंत्ययात्रेनं भरून वाहिली. त्याच मुंबईत बिमल रॉय राहत होते, काम करत होते. इतकंच नाही. बुद्धाच्या अडीच हजाराव्या जयंतीच्या निमित्तानं त्यांनी याच सुमारास 'गौतम द बुद्ध' या माहितीपटाची निर्मिती केली. दिग्दर्शन राजबंस खन्नांचं. १९५७ ला कानमध्ये त्याची खास दखल घेतली गेली. म्हणजे बुद्ध त्यांच्या टेबलावर होता! लेण्यांतला, शिल्पांतला, अडीच हजार वर्षांपूर्वीचा बुद्ध. आणि नागपूरच्या मैदानावरचा, पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी त्रिशरण घालणारा, कालपरवाचा बुद्ध? तो कुठाय? दगडातला बुद्ध दिसला, माणसांतला दिसला नाही.

नावाचीही गंमत बघा. सुजाता म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेली. चौधुरींच्या घरात अस्पृश्य पोरीला हे नाव आहे, आणि ते उपरोधानं झोंबतं. पण आमच्याकडं सुजाता म्हणजे सिद्धार्थाला खीर देणारी. दीक्षेनंतर आमच्या बायकांनी आपल्या पोरींची नावं सुजाता ठेवली, गौतमी ठेवली, यशोधरा ठेवली. धोंडी, दगडी, उकिरडी ही नावं टाकली. कुणा इंजिनिअरनं दयेपोटी ती नावं दिली नव्हती. आयांनी दिली होती. पडद्यावरची सुजाता घाटावर रडत होती तेव्हा वस्तीतली सुजाता पाटी-दप्तर घेऊन शाळेला निघाली होती. तिच्यावर सिनेमा निघाला नाही.

त्याच १९५९ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. माणसं, बायका, पोरं तुरुंगात गेली. मागणी सरळ होती, कसायला जमीन द्या. १९६४ च्या डिसेंबरात तीच मागणी देशभर घुमली. 'दो बिघा जमीन' करणाऱ्या माणसाच्या दाराशीच हे चाललं होतं. आणि त्याच १९५९ मध्ये, याच मुंबईत, अण्णाभाऊ साठेंची 'फकिरा' आली. अण्णाभाऊ राहत होते घाटकोपरच्या चिरागनगरात, झोपडीत. अण्णाभाऊ, बलराज साहनी, 'दो बिघा जमीन'ची कथा देणारे सलील चौधरी, हे सगळे इप्टाच्या एकाच गोतावळ्यातले. मग फरक कशाचा? फकिरा दुष्काळात रक्त देत बसत नाही. तो धान्य आणतो, लुटून आणतो, आणि आपल्या माणसांना जगवतो. त्याच्याकडं माणसं आहेत, वस्ती आहे, तलवार आहे. अण्णाभाऊंनी ही कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. एकाच सालच्या एकाच शहरातल्या या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवा. एकीत दलित देतो म्हणून माणूस ठरतो. दुसरीत तो माणूसच आहे आणि म्हणून घेतो.

आमच्यातलेच काही जाणते लोक यावर म्हणतात, अरे, त्या काळात एवढं तरी कुणी केलं? बाकीचे झाडाभोवती नाचत होते, या माणसानं धंद्याच्या सिनेमात अस्पृश्यतेला हात घातला. कृतज्ञ राहायला शिका. मी हा युक्तिवाद धुडकावून लावत नाही. 'मधुमती'सारखा पुनर्जन्माचा सिनेमा काढून, नऊ फिल्मफेअर मिळवून, गल्ला भरून, पुढच्याच वर्षी 'सुजाता' काढायला हिंमत लागते. पण कृतज्ञता आणि कर्ज यांत फरक आहे. शंभू महातोच्या पासष्ट रुपयांचे दोनशे पस्तीस कसे झाले ते आपण आत्ताच बघितलं. कुणी चार अश्रू दिले म्हणून आपण पिढ्यान् पिढ्या व्याज भरत बसायचं नाही. 'सुजाता' सवर्ण प्रेक्षकांसाठी काढलेला सिनेमा आहे, त्यांच्या मनाची धुणी धुण्यासाठी. धुवा, चांगलंय. फक्त त्या धुण्याला आमची मुक्ती म्हणू नका.

काही दोस्त दुसऱ्या टोकाला जातात. ते म्हणतात, सवर्णाच्या सिनेमाची चर्चाच कशाला, फेकून द्या. हेही मला मान्य नाही. फेकून देण्याएवढे श्रीमंत आपण नाही. बिमल रॉय यांच्याकडून घेण्यासारखं बरंच आहे आणि ते आपण हक्कानं घ्यावं. ते मूळचे कॅमेरामन. गप्प बसलेल्या माणसाकडं कॅमेरा किती वेळ ठेवायचा, हे त्यांना कळत होतं. नूतनच्या चेहऱ्यावर ते थांबतात तेव्हा एक वाक्य न बोलता अपमान आत कसा उतरतो ते दिसतं. 'बंदिनी'त तुरुंगातली कैदी बाई घेऊन त्यांनी नायिका केली. तिला निर्दोष ठरवायची घाई केली नाही. खून तिनंच केलाय. मला तर वाटतं, सुजातापेक्षा 'बंदिनी'तली कल्याणी आपल्याला जवळची आहे, कारण तिचा राग खरा आहे. सुजाताला राग येऊ दिला असता तर! एकदाच तिनं चारूला विचारलं असतं, सारखी म्हणजे काय हो? पण विचारलं असतं तर ती 'गुणी मुलगी' राहिली नसती, आणि गुणी नसलेल्या दलिताला रक्त द्यायचीही संधी मिळत नाही.

हाच तो सज्जनपणाचा सापळा. आम्ही चांगले असलो तरच आम्हाला माणूस मानणार. स्वच्छ असलो, हुशार असलो, नम्र असलो, गोड बोललो तर. ऑफिसात बघा, कॉलेजात बघा. तुम्ही त्यांच्यासारखे वाटतच नाही हो, असं कौतुक तुमच्या वाट्याला आलंच असेल. ती सुजाताचीच बहीण. दोस्तहो, वाईट असण्याचा, चिडका असण्याचा, सामान्य असण्याचा हक्क माणसाला जन्मतः असतो. रमा आळशी असली तरी मुलगीच. समतेची कसोटी हीच आहे. आमच्यातला सगळ्यात नालायक माणूसही त्यांच्यातल्या सगळ्यात नालायक माणसाएवढाच माणूस मानला गेला पाहिजे.

'फँड्री'च्या शेवटाशी तुलना करून बघा. शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र आहे आणि त्या भिंतीपुढून जब्याच्या घरचे मेलेलं डुक्कर बांधून नेतायत. 'सुजाता'त जे स्मारक मुलीला जगायला सांगतं, त्याच्या जागी इथं भिंतीवरचं चित्र आहे, आणि ते गप्प आहे. ते कुणाला वाचवत नाही. ते बघणाऱ्याला विचारतं, तुम्ही कुठं होतात? मग जब्या दगड उचलतो आणि थेट पडद्याबाहेर, तुमच्या-आमच्या अंगावर फेकतो. रक्ताच्या बाटलीपासून दगडापर्यंत यायला चौपन्न वर्षं लागली. आणि कॅमेरा आपल्या माणसाच्या हातात आल्यावरच ती वाट संपली.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. यंदा जयंतीला डीजेच्या भिंती लावण्याआधी एक संध्याकाळ राखून ठेवा. वस्तीत पांढरी चादर बांधा आणि 'सुजाता' लावा. म्हाताऱ्या बायकांना पुढं बसवा. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरी भांडी घासली, त्यांना सिनेमा संपल्यावर बोलायला लावा. कप कुठं असायचा ते विचारा. 'घरच्यासारखी' हा शब्द किती वेळा ऐकला ते विचारा. रेकॉर्ड करा. मोबाइल तुमच्या खिशात आहे. बिमल रॉय यांना कॅमेऱ्यापर्यंत पोचायला न्यू थिएटर्सची पायरी चढावी लागली, तुम्हाला तर तीही लागत नाही. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट पुन्हा लिहा. सुजाताचा मामा जिवंत ठेवा. तिची वस्ती पटकीतून वाचवा. तिला शाळेत घाला. चारू जिन्यावरून पडली तर सुजातानं रक्त द्यावं की नाही, ते सुजाताला ठरवू द्या. दिलं तर माणुसकीनं द्यावं, तिकीट म्हणून नाही.

बिमलदा, तुमच्या कॅमेऱ्याला जयभीम. तुमच्या शंभूच्या घामाला जयभीम. तुमचा शेवट मात्र आम्हाला नको. तुमच्या घरात मुलीसारखी म्हणून राहायला आम्ही आलेलो नाही. आमचं स्वतःचं घर आहे, आणि आता त्याच्या भिंती आम्ही उचलतोय. कधी आलात तर या. चहा त्याच कपातून मिळेल, ज्यातून आम्ही पितो.